स्लॉटचा हिशेब : घरच्या संगणकाचा स्वस्त मदरबोर्ड आणि मराठी मजकूर

मराठी मजकूर संगणकावर कसा आला याची हकिकत सांगताना आपण बहुधा टंकांची, कळफलकांची आणि प्रमाणसंकेतांची नावे घेतो. ही नावे महत्त्वाची आहेतच. परंतु हा मजकूर प्रत्यक्षात घरोघरी लिहिला जाऊ लागला तो साधारणपणे १९९५ ते २००८ या काळात. त्या काळी मध्यमवर्गीय घरातला संगणक बहुतेक वेळा सुटे भाग आणून जोडलेला असे, आणि त्या जोडणीत सर्वात जास्त घासाघीस होऊन सर्वात कमी पाहिला जाणारा भाग म्हणजे मदरबोर्ड. ती घासाघीस साहित्याच्या इतिहासाला अगदीच परकी नव्हती, असे आम्हांला या लेखात दाखवायचे आहे. स्वस्त बोर्डावर कोणता स्लॉट ठेवला आहे आणि कोणता गाळला आहे यावर त्या घरात मराठी कोणत्या रूपात लिहिली जाणार, आणि पुढे वीस वर्षांनी ती कोणाला वाचता येणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरून गेले.

शब्दाबद्दल आरंभीच एक खुलासा करू. 'मातृफलक' असा प्रतिशब्द करता येईल. पण तो घेऊन दुकानात गेल्यास काहीही मिळणार नाही. व्यवहारात 'मदरबोर्ड' आणि बोलण्यात नुसते 'बोर्ड' हेच शब्द रुळले आहेत. आम्ही तेच वापरतो.

एका रस्त्यावरच्या दोन संस्था

ही हकिकत महाराष्ट्रातल्या कोणत्याही मध्यम शहराची म्हणून सांगता येईल. आम्ही सांगलीचे विश्रामबाग डोळ्यांसमोर ठेवतो, कारण तेथे तिचे दोन्ही पक्ष एकाच परिसरात भेटतात. सांगली-मिरज रस्त्यालगतच्या या भागात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय आहे. ते १९१९ सालचे. वि. कृ. गोकाक तेथे प्राचार्य होते, रं. श्री. मुगळी तेथे शिकवीत, आणि पु. ल. देशपांडे यांनी एम.ए. तेथूनच केले. त्याच विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने १९४७ साली 'न्यू इंजिनियरिंग कॉलेज' म्हणून ते सुरू झाले आणि १९५५ पासून वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. यंत्र आणि साहित्य एका अंगणात नांदणे या जिल्ह्याला नवे नाही. नांगर आणि पंप करणाऱ्या किर्लोस्करवाडीतूनच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. सुटे भाग बाहेरून आणून वस्तू येथे उभी करण्याची रीतही जुनीच. शेजारच्या मिरजेत सतारीचा भोपळा बाहेरगावाहून येतो आणि सतार येथे घडते.

अशा ठिकाणी मराठीच्या प्राध्यापकांचा पहिला घरचा संगणक कसा येई, याचा एक साचा ठरून गेला होता. ब्रँडेड संगणक महाग, म्हणून असेंबल्ड घ्यायचा. शेजारचा, नात्यातला किंवा ओळखीतला अभियांत्रिकीचा विद्यार्थी मदतीला येई. एखाद्या दुकानातून किंवा थेट पुण्या-मुंबईहून कोटेशन आणले जाई: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माऊस, आणि शेवटी हाताने लिहिलेली बेरीज. ती ठरवलेल्या रकमेच्या वर गेलेली असे. मग काटछाट कोठे करायची? प्रोसेसरचा आकडा सर्वांना सांगायचा असतो, मॉनिटर समोर दिसतो, हार्ड डिस्क किती 'जीबी'ची हे पाहुणेही विचारतात. बोर्ड मात्र कॅबिनेटच्या आत जातो. "सर, बोर्ड साधा घेऊ, सगळं ऑनबोर्डच आहे," हे वाक्य त्या काळात किती घरांत उच्चारले गेले असेल याची गणती नाही. वाक्य चुकीचे नव्हते. फक्त त्या काटछाटीत नेमके काय कमी झाले, हे त्या दिवशी सांगणाऱ्यालाही पूर्णपणे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

बोर्ड म्हणजे काय ठरवणारी वस्तू

प्रोसेसर हिशेब करतो, हार्ड डिस्क साठवते. बोर्ड स्वतः यांपैकी काहीच करत नाही. कोणाचे कोणाशी बोलणे होऊ शकेल, हे तो ठरवतो. त्याच्यावर प्रोसेसरचे सॉकेट असते, रॅमचे स्लॉट असतात, पुढे घालायच्या कार्डांचे स्लॉट असतात आणि मागच्या बाजूला बाहेरच्या उपकरणांसाठी पोर्ट असतात. म्हणून बोर्ड निवडणे म्हणजे आजच्या गरजेबरोबर उद्याच्या शक्यताही निवडणे होय.

हे स्लॉट मोकळे असणे हीच वैयक्तिक संगणकाची मूळ कल्पना होती. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पीसी जाहीर केला तेव्हा त्याच्या बोर्डावर पाच स्लॉट होते, आणि दुसऱ्या कोणालाही कार्ड करता यावे एवढा तांत्रिक तपशील कंपनीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला होता. १९८२ मध्ये कॉम्पॅकने त्या यंत्राशी सुसंगत असा आपला संगणक जाहीर केला. १९८४ च्या 'एटी' संगणकात स्लॉट सोळा बिटांचा झाला. पुढे त्याला 'आयसा' हे नाव पडले. १९८७ साली आयबीएमने नवा, स्वतःच्या हक्कातला स्लॉट आणून हे दार लोटून घेण्याचा प्रयत्न केला. तोपर्यंत तैवानपासून अमेरिकेपर्यंत इतके उत्पादक त्या दारातून आत आले होते की, तो प्रयत्न फसला. सांगलीत बसून कोणाच्याही परवानगीविना संगणक जोडता येऊ लागला, त्याचे मूळ त्या फसलेल्या प्रयत्नात आहे.

भारतात हे भाग पोचायला धोरणेही बदलावी लागली. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची वाट काहीशी मोकळी केली, १९९१ नंतर ती रुंदावली. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान कराराला भारत १९९७ साली जोडला गेला आणि २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने या वस्तूंवरचे आयातशुल्क शून्यावर आले. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा मूळचा रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार. तोच संगणकाच्या भागांचा मोठा बाजार झाला. जिल्ह्याच्या ठिकाणची दुकाने पुण्या-मुंबईच्या अशा बाजारांवर अवलंबून राहिली.

मराठी जेव्हा स्लॉटमध्ये होती

साहित्याच्या विद्यार्थ्याला आश्चर्य वाटावे अशी गोष्ट ही की, डॉस या प्रणालीच्या काळात मराठी अक्षशः एका स्लॉटमध्ये बसत असे. पुण्याच्या सी-डॅकची स्थापना १९८८ सालची. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट' हे तंत्रज्ञान तेथे आले आणि जिस्ट कार्ड या रूपाने बाजारात मिळू लागले. हे कार्ड बोर्डावरच्या मोकळ्या स्लॉटमध्ये बसवले की, मुळात इंग्रजीसाठी लिहिलेल्या वर्डस्टार किंवा डीबेससारख्या आज्ञावल्यांतही देवनागरी दिसू आणि लिहिता येऊ लागे. त्यामागे दोन प्रमाणके होती: १९८६ चा इनस्क्रिप्ट कळफलक आणि 'इस्की' हा भारतीय लिप्यांचा संकेत, ज्याला १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोची मान्यता मिळाली. अक्षर कसे साठवायचे आणि ते पडद्यावर कसे काढायचे, या दोन गोष्टी इस्कीने वेगळ्या केल्या होत्या. 'क', हलन्त आणि 'ष' हे तीन संकेत साठवायचे. त्यांचा 'क्ष' दाखवणे हे कार्डाचे काम. भाषेच्या दृष्टीने ही व्यवस्था अतिशय शहाणी होती.

पण ती महाग होती, आणि तिला मोकळा स्लॉट लागत असे. जिस्ट कार्ड मुख्यतः सरकारी कचेऱ्यांत आणि संस्थांत गेले. घरांनी दुसरी वाट धरली. विंडोज आल्यावर रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेले टंक मिळू लागले. या टंकात 'क' लिहिला की फाइलमध्ये मात्र एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह जाऊन बसे. टंक असेल तोवर मराठी. टंक नसेल तर निरर्थक चिन्हांची रांग. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, आणि कधीकधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही फरक. नव्वदच्या दशकातली असंख्य मराठी पुस्तके, दिवाळी अंक, प्रबंध आणि प्रश्नपत्रिका अशा टंकांत घडल्या. छापून आलेले पान उत्तम दिसे. पण अकारविल्हे लावणे, शब्द शोधणे, सूची करणे ही अभ्यासकाच्या उपयोगाची कामे त्या फाइलवर नीट होत नसत, कारण यंत्राच्या लेखी ती मराठी नव्हतीच.

यांतल्या अनेक आज्ञावल्यांना नक्कलचोरी रोखण्यासाठी 'डाँगल' असे. हे एक लहानसे कुलूप संगणकाच्या मागच्या पॅरलल पोर्टला लावायचे आणि त्याच्या पाठीला प्रिंटरची केबल. कुलूप नसेल तर आज्ञावली उघडत नसे. म्हणजे मराठी स्लॉटमधून बाहेर आली खरी, पण पोर्टला बांधली गेली. बोर्डावर ते पोर्ट असणे ही पुन्हा मराठी लेखनाची अट ठरली.

१९९९ : काय गाळले गेले

स्वस्त घरगुती बोर्डाच्या इतिहासात १९९९ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी इंटेलचा '८१०' हा चिपसेट आला. चिपसेट म्हणजे बोर्डावरची वाहतूक सांभाळणारी मुख्य चिप-जोडी. ८१० मध्ये चित्र दाखवण्याची यंत्रणा चिपसेटमध्येच घातलेली होती, आवाजाची सोयही बोर्डावरच करता येत होती. त्यामुळे दोन कार्डांचा खर्च वाचला. सेलेरॉन प्रोसेसर आणि असा बोर्ड ही घरच्या संगणकासाठी सोयीची जोडी होती. व्हाया आणि सिस या तैवानी कंपन्यांचे चिपसेट वापरणारे बोर्ड त्याहून स्वस्त पडत, आणि भारतात मर्क्युरी या नावाखाली विकले जाणारे बोर्ड तर गावोगावी पोचले. १९९७ च्या अखेरीस ठरलेला मायक्रो-एटीएक्स हा आकार, २४४ मिलिमीटर लांबी-रुंदीचा चौरस, यांतल्या अनेक बोर्डांनी स्वीकारला. बोर्ड लहान झाला, तशा त्याच्यावरच्या जागाही मोजक्या झाल्या.

या स्वस्ताईची किंमत तीन ठिकाणी मोजली गेली. पहिली, ८१० च्या बोर्डांवर स्वतंत्र चित्रकार्डाचा एजीपी स्लॉटच नव्हता. पुढे पेंटियम ४ च्या काळात ८४५जीव्ही आणि ८६५जीव्ही या चिपसेटांनीही तेच केले. नावातले एक अक्षर कमी-जास्त एवढाच कोटेशनवरचा फरक, पण ८४५जी घेतला तर पुढे कार्ड घालता येई आणि ८४५जीव्ही घेतला तर वाट बंद. दुसरी, इंटेलच्या ८०० मालिकेपासून जुन्या आयसा स्लॉटचा मूळ आधार काढून टाकण्यात आला. तोवर १९९८ च्या ४४०बीएक्स बोर्डावर तो होता आणि व्हायाच्या काही बोर्डांवर नंतरही एखादा शिल्लक राहिला. ज्या संस्थेकडे जिस्ट कार्ड होते आणि जिने नवा, वेगवान, स्वस्त संगणक घेतला, तिच्याकडचे कार्ड एका दिवसात बिनकामाचे झाले. कार्ड बिघडले नव्हते, त्याची जागा गेली होती. तिसरी, ऑनबोर्ड चित्रयंत्रणा आपल्यासाठी मुख्य रॅममधूनच वाटा घेई. अनेक बोर्डांवर हा वाटा आठ ते बत्तीस मेगाबाइट असे, आणि रॅमचे स्लॉट मात्र दोनच.

मराठीच्या दृष्टीने तिसरी गोष्ट सर्वात परिणामकारक ठरली. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरी होती. पण घरच्या विंडोजमध्ये ती खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागली विंडोज २००० आणि २००१ च्या एक्सपीपासून. एक्सपीतही जटिल लिप्यांच्या फाइली मूळ सीडी घालून वेगळ्याने बसवाव्या लागत. एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट रॅम लागे आणि १२८ ची शिफारस होती. विंडोज ९८ ला १६ ते २४ मेगाबाइट पुरत. आता ६४ मेगाबाइट रॅमचा, त्यातलाही वाटा चित्रासाठी देणारा संगणक ज्याच्या घरी होता, त्याने काय करावे? तो विंडोज ९८ वर राहिला, आणि जुन्या टंकांत लिहीत राहिला. मे २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. महाजालावर युनिकोड मराठी वाढू लागली तेव्हाही अनेक चांगल्या लेखकांचे घरचे लेखन जुन्या सांकेतिक मांडणीतच चालू होते. याचे कारण आपण सवय किंवा अनास्था असे सांगतो. त्यात रॅमच्या दोन स्लॉटांचाही वाटा आहे, आणि रॅमच्या भावाचाही. २१ सप्टेंबर १९९९ च्या तैवानमधल्या भूकंपानंतर जगभर रॅमचे भाव झपाट्याने चढले होते. 'तूर्त ६४ घेऊ, पुढे वाढवू' असे त्या दिवाळीत ठरवणाऱ्या घरांना तैवानमधल्या एका रात्रीने गाठले होते.

जाणत्याची निवड

मग त्या काळात जाणता माणूस स्वस्त बोर्ड कसा निवडी? किंमत पाहण्याआधी तो चिपसेटचे नाव पाही, कारण डब्यावरचे नाव विक्रेत्याचे, पण वागणूक चिपसेटची. नंतर सॉकेट. इंटेलने सॉकेट ३७० तीन पिढ्यांसाठी ठेवले, तरी पिढी बदलताना जुने बोर्ड नवा प्रोसेसर स्वीकारतीलच असे नव्हते. आकार तोच, पण पिनांचा अर्थ बदललेला. पेंटियम ४ चे सॉकेट ४२३ हे नोव्हेंबर २००० मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्याची जागा ४७८ ने घेतली. २००४ मध्ये ७७५ आले. उलट एएमडीचे २००० सालचे सॉकेट ए ड्युरॉनपासून अॅथलॉन एक्सपीपर्यंत बरीच वर्षे टिकले. ज्याला तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा होता त्याच्यासाठी ते शहाणपणाचे होते.

तिसरी पाहणी डोळ्यांनी करायची. बोर्डावर प्रोसेसरच्या आसपास उभ्या असलेल्या नळकांड्यांच्या, म्हणजे कपॅसिटरच्या, माथ्यावर फुगवटा आहे का? १९९९ च्या सुमारापासून २००७ पर्यंत सदोष रसायन भरलेले कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर गेले, नामांकित कंपन्यांच्या संगणकांतही गेले. दोन-तीन वर्षांत ते फुगत, पाझरत, आणि संगणक अधूनमधून आपोआप बंद पडू लागे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने भारनियमन सोसले. वीज जाण्या-येण्याच्या धक्क्यांनी स्वस्त एसएमपीएस आणि असे कपॅसिटर यांची परीक्षाच पाहिली. घरात 'व्हायरस आला' असे ज्याला म्हटले गेले त्यातला काही भाग या नळकांड्यांचा होता. त्याआधीची, नव्वदच्या दशकातली फसवणूक तर अधिकच धीट होती: काही ४८६ बोर्डांवर कॅश मेमरीच्या जागी आतून पोकळ प्लास्टिकचे ठोकळे बसवलेले असत, आणि चालू होताना संगणक ती मेमरी असल्याचे पडद्यावर दाखवी. एटी बोर्डाला वीज देणारे दोन जोड एकमेकांशेजारी लावताना काळ्या तारा मध्यभागी एकत्र आल्या पाहिजेत, हा जोडणाऱ्यांचा पाठ करून ठेवलेला नियम होता. उलटे लागले की बोर्ड संपला. १९९५ च्या एटीएक्स रचनेने एकाच दिशेने बसणारा जोड आणून हा धोका संपवला.

या सर्व पाहण्यांत एक प्रश्न सहसा विचारला जात नसे: या यंत्रावर जे लिहिले जाईल ते पुढे दुसऱ्या यंत्रावर कसे न्यायचे? बोर्ड निवडणारा विद्यार्थी गती आणि टिकाऊपणा पाही, लिहिणारा प्राध्यापक टंकाचे वळण पाही. विश्रामबागेसारख्या ठिकाणी हे दोघे एकाच टेबलाशी बसत, आणि तरीही हा प्रश्न दोघांच्या मध्ये पडून राही.

हस्तलिखिताचा नवा प्रकार

आता त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ आली आहे. त्या पिढीतले लेखक आणि अध्यापक निवृत्त झाले, काही निवर्तले. त्यांच्या घरी फ्लॉपींचे डबे आणि माळ्यावरचे कॅबिनेट आहेत. पोथीशास्त्रात आपण कागद, शाई आणि वळण यांवरून काळ ठरवतो. या नव्या हस्तलिखितांच्या अभ्यासकाला बोर्डही वाचता यावा लागेल. काही उदाहरणे देतो.

बोर्डावर घड्याळासाठी एक लहान बॅटरी असते. नंतरच्या बोर्डांवर ती सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ मागे जाते. डॉसच्या फाइलपद्धतीत तारखांचा आरंभच १ जानेवारी १९८० आहे. म्हणून एखाद्या कथेच्या मसुद्यावर १९८० सालची तारीख दिसली तर तो त्या वर्षाचा पुरावा मानू नये. बॅटरी संपल्याचा पुरावा मानावा. बऱ्याच अनास्थेने चाललेल्या संगणकात एकाच दिवशी 'लिहिलेले' दहा मसुदे सापडतील. त्यांचा क्रम तारखेवरून लावणारा संपादक फसेल. नव्वदच्या पूर्वार्धातल्या अनेक बोर्डांवर तर बॅटरी डाकलेली असे आणि ती पाझरून बोर्डाचे पट्टेच खाऊन टाकी. असा बोर्ड चालू करण्याआधी उघडून पाहावा हे उत्तम.

साडेतीन इंची फ्लॉपी आजही यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह लावून वाचता येते. सव्वापाच इंची फ्लॉपीला तशी सोपी सोय नाही. तिच्यासाठी ३४ पिनांची फ्लॉपी-जोडणी असलेला जुना बोर्ड फार उपयोगी पडतो. जुन्या हार्ड डिस्कची आयडीई जोडणी इंटेलने २००६ च्या चिपसेटांपासून काढून टाकली, पण ती डिस्क अडॅप्टरने वाचता येते. डाँगलचे मात्र तसे नाही. यूएसबीला लावायचे पॅरलल अडॅप्टर बहुधा प्रिंटरपुरतेच काम करतात. कुलूप त्यांना ओळखत नाही. म्हणजे फाइल हाती आहे, आज्ञावलीची सीडी हाती आहे, डाँगलही सापडला आहे, आणि तरी त्याला लावायला खरे पॅरलल पोर्ट असलेला बोर्ड नाही, अशी अवस्था येऊ शकते. जुन्या टंकांतून युनिकोडमध्ये मजकूर नेणारी परिवर्तके उपलब्ध आहेत आणि ती चांगले काम करतात. पण मूळ टंक आणि त्याची आवृत्ती कोणती हे ठाऊक असावे लागते, आणि हे सांगणारा विश्वासू साक्षीदार बहुधा ते जुने यंत्रच असते.

घर आवरताना भंगारात सर्वात आधी जाते तेच. मॉनिटरला ग्राहक मिळतो, हार्ड डिस्क 'काही राहिले असेल' म्हणून काढून ठेवतात, आणि बोर्ड निरुपयोगी म्हणून फेकतात. आमच्या मते हा क्रम साहित्याच्या अभ्यासकाने तरी उलटा करावा. विद्यापीठांच्या मराठी विभागांना आणि ग्रंथालयांना चालू स्थितीतला एकेक जुना संगणक जपून ठेवणे अवघड नाही. त्यात आयसा स्लॉट, पॅरलल पोर्ट आणि फ्लॉपी-जोडणी असावी, घड्याळाची बॅटरी वेळच्या वेळी बदलावी, फुगलेले कपॅसिटर ओळखीच्या कारागिराकडून बदलून घ्यावेत. सूक्ष्मपट वाचण्याचे यंत्र जसे आपण ठेवतो, तसेच हे.

तोच हिशेब पुन्हा

हा विषय केवळ गतकाळाचा नाही. इंटेलने स्वतःचे डेस्कटॉप बोर्ड करणे सोडून देत असल्याचे २०१३ मध्ये जाहीर केले. घरी संगणक जोडणे कमी झाले, पण संपलेले नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि ती बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये असावी लागते. त्यामुळे उत्तम चालणारे अनेक संगणक बोर्डापाशी येऊन अडले आहेत. १९९९ साली आयसा स्लॉट गेला तेव्हा जे घडले त्याचीच ही दुसरी आवृत्ती. फरक एवढाच की आता मजकूर युनिकोडमध्ये आहे, आणि लिनक्ससारख्या मुक्त प्रणाली जुन्या बोर्डावरही मराठी व्यवस्थित दाखवतात. म्हणून यंत्र अडले तरी भाषा अडण्याचे कारण उरलेले नाही. हे अंतर पार करायला आपल्याला इस्की, टंकांची बजबजपुरी आणि युनिकोड असा लांबचा वळसा पडला.

आज विश्रामबागेतला किंवा इतर कोठला विद्यार्थी स्वस्त बोर्ड शोधत असेल तर आमचे सांगणे थोडक्यात असे: रॅमचे स्लॉट दोनऐवजी चार मिळत असतील तर त्यासाठी थोडे अधिक द्यावेत, चिपसेटच्या नावातले शेवटचे अक्षरही वाचावे, आणि बोर्डाच्या डब्यातली माहितीपुस्तिका फेकू नये. आणि त्याच्या घरी आजीचे किंवा आजोबांचे लेखन असलेला जुना संगणक माळ्यावर असेल, तर नवा जोडण्याआधी तो खाली उतरवावा, झाकण उघडून बोर्डाचे छायाचित्र घ्यावे, टंकांची यादी करावी, आणि मगच पुढचे पाहावे. त्या बोर्डासाठी कोणीतरी एकदा बेरीज पुन्हा करून पाहिली होती आणि काय सोडायचे ते ठरवले होते. त्यात काय राहिले हे वाचणे आता आपले काम आहे.